पाचच्या नाण्यात मोडाचे मूग: शाळेच्या गेटवरचा खाऊ बदलताना

परभणीकडच्या आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या गेटसमोर दोन गाडे आणि एक टपरी असते. शाळा व्यवस्थापन समितीने सुरुवात केली ती दोरी घेऊन अंतर मोजण्यापासून. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांप्रमाणे संपृक्त चरबी, ट्रान्स फॅट, साखर किंवा मीठ जास्त असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि गेटपासून चहूबाजूंनी ५० मीटरच्या आत मुलांना विकता येत नाहीत. तंबाखूची हद्द वेगळी आहे, १०० यार्ड, म्हणजे साधारण ९१ मीटर. दोन्ही खुणा चुन्याने आखल्या.

पण नुसता नियम दाखवून गाडा उठवला, तर तो एकावन्नाव्या मीटरवर लागतो आणि पोरं ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमधून रस्ता ओलांडून तिकडे जातात. म्हणून गाडा तोच, गाड्यावरच्या मावशी त्याच, फक्त तळलेल्या पुड्यांच्या जागी मोडाचे मूग असा माल बदलायचा असं ठरलं. तसा ठराव समितीच्या बैठकीत लिहून घेतला.

तळलेल्या नळ्यांच्या पुडीमागं किती सुटतं, असं मावशींना विचारलं. "सत्तर पैसे सुटतेत सर. पर पुडी नासत नाही." सगळी अडचण या उत्तरात आहे. पुडी महिनाभर लटकून राहते, मूग संध्याकाळी फेकावे लागतात.

म्हणून वहीत हिशेब मांडला. एक किलो मूग ११० रुपयांचे. मोड येऊन वाफवल्यावर सव्वादोन किलोच्या वर भरतात. ६० ग्रॅमचा एक द्रोण धरला तर ३८ द्रोण होतात. कांदा, लिंबू, कोथिंबीर, गॅस आणि द्रोण धरून एकूण खर्च १४४ रुपये. पाच रुपयांनी सगळे खपले तर १९० येतात, सुटतात ४६. मात्र पाचच द्रोण उरले की हाती २१ राहतात. पाच द्रोणांनी निम्म्याहून जास्त नफा जातो, म्हणून पहिले दोन आठवडे अर्धा किलोच भिजवायचे. ज्या दिवशी पोषण आहारासोबत अंडं किंवा केळी असते, आणि आठवडी बाजाराच्या दिवशी हजेरी पडते, त्या दिवशी त्याहूनही कमी. आदल्या संध्याकाळी गुरुजींकडून उद्याचा अंदाज घ्यायचा, मगच मूग पाण्यात टाकायचे.

मूग सात-आठ तास भिजवून, निथळून, ओल्या सुती फडक्यात सैल बांधायचे. हिवाळ्यात मोडाला पूर्ण दिवस लागतो, मार्चच्या उन्हात दहा-बारा तासांत काम होतं. स्टीलच्या बंद डब्यात ठेवले की बुळबुळीत होतात, आंबूस वास येतो. असे मूग धुऊन वापरायचे नाहीत, टाकून द्यायचे. मोड कच्चे विकू नयेत, ओल्या उबेत मोडाबरोबर जंतूही वाढतात. पाच-सहा मिनिटं चांगली वाफ द्यावी. किलोमागे सपाट दोन चमचे मीठ पुरतं, लिंबू देताना पिळायचं. वाफवल्यापासून दोन तासांत संपवायचे. आमच्याकडे पाणी टँकरचं, त्यामुळे धुवायच्या ताटल्यांऐवजी पानाचे द्रोण आणि हात धुवायला तोटीचा कॅन. वर्तमानपत्राचा कागद अजिबात नाही, त्याची शाई खाण्यात उतरते.

गाडा तगतो तो सुक्या मालावर. फुटाणे, ज्वारीच्या लाह्या, शेंगदाण्याचे लाडू. एक किलो भाजलेले दाणे आणि ६०० ग्रॅम गूळ यात २५ ग्रॅमचे साठेक लाडू होतात, एकाला तीन रुपयांच्या आसपास पडतं. काळे, सुरकुतलेले, बुरशीचा वास येणारे दाणे भाजण्याआधी निवडून काढायचे. बुरशीचं विष भाजून जात नाही. गूळही शेवटी साखरच आहे, तेव्हा एका पोराला एकच लाडू. शेजारच्या अंगणवाडीतल्या लेकरांना अख्खे दाणे आणि फुटाणे द्यायचे नाहीत, घशात अडकतात. त्यांना दाण्याचा बारीक कूट केलेला लाडू.

लहान विक्रेत्याला परवाना नव्हे, अन्न नोंदणी लागते. ऑनलाइन अर्जासोबत फोटो आणि ओळखपत्र. आमचा अर्ज एकदा परत आला, कारण भरून देणाऱ्याने फिरत्या विक्रेत्याच्या जागी उत्पादक असा प्रकार निवडला होता. चौदा अंकी क्रमांक मिळाला की तो गाड्यावर दिसेल असा लावायचा.

अजून हरवता आलेली नाही ती रंगीत बर्फाची कांडी. उन्हाळ्यात शाळा सकाळची होते, सुटताना ऊन तापलेलं असतं आणि पोरांना गारच हवं असतं. तिथं जालन्याकडची मोसंबी आणि कलिंगड ठेवून पाहिलं. मोसंबी सोलायला वेळ लागतो, घंटा झाली की रांग मोडते. कलिंगड आदल्या दिवशी कापून ठेवलं तर पाणी सुटून आंबतं. आता कलिंगड अख्खं ठेवतात आणि शाळा सुटायला दहा मिनिटं उरली की कापतात. फोडी जाळीखाली झाकलेल्या असतात.