एकाच नावाच्या दोन बिल्ट्या

मे महिन्यातली दुपार. कूलरच्या आवाजात फोन ऐकू येईना म्हणून मी गॅलरीत गेले. पलीकडून नागपूरच्या कळमना बाजारातले मुनीमजी: "ताई, एकाच नावाच्या दोन बिल्ट्या दिसून राहिल्या. खरी कोनती मानू?"

तिथल्याच एका मिरचीच्या अडत्यासाठी मी डेस्कटॉपवरचं मेसेजिंग अ‍ॅप लिहिते. मुनीमजींकडे विंडोज, धरमपेठेतल्या सीएंकडे मॅक, माझ्याकडे लिनक्स. कोड एकच, सी++ भाषेत आणि क्यूटी या तिन्हीकडे चालणाऱ्या लायब्ररीवर लिहिलेला. "दुसऱ्या गाडीची बिल्टी" (गाडीतल्या मालाची पावती) नावाची पीडीएफ सीएंनी वजन दुरुस्त करून परत पाठवली होती. ती जुन्या फाइलच्या जागी बसायला हवी होती, पण शेजारी जाऊन बसली. नाव अक्षरन् अक्षर तेच. मुनीमजी जुन्या वजनावर हिशेब करणार होते. फोन केला म्हणून वाचलो.

दोन्ही नावांचे बाइट काढून बघितले. फरक होता "दुसऱ्या"मधल्या ऱ मध्ये. विंडोजवर तो एकच चिन्ह होता, युनिकोड या अक्षरांच्या क्रमांक-यादीतला ०९३१. सीएंची बाहेरची डिस्क एचएफएस प्लस या मॅकच्या जुन्या फाइल-पद्धतीची. ती नावं सुटी करून साठवते, म्हणजे साधा र आणि त्याला नुक्ता (खालचा टिंब). डोळ्याला दोन्ही सारखेच, पण विंडोजची फाइल-पद्धत एनटीएफएस नावांची अशी जुळवणी करत नाही. तिच्या लेखी त्या दोन वेगळ्या फाइली.

क्यूटीचा फाइली हाताळणारा भाग, क्यूफाइल, मॅकवर ही नावं जोडूनच देतो. मी एका ठिकाणी त्याला वगळून सी++ च्या स्टँडर्ड लायब्ररीने फोल्डर वाचला होता. चूक माझी. आता नाव नेटवर्कवर जाण्याआधी एनएफसी म्हणजे जोडलेल्या रूपात आणलं जातं, आणि आलेलं नावही तसंच तपासलं जातं. हे एकाच थरात. मेसेज, रांग, डेटाबेस सांभाळणाऱ्या गाभ्याला खाली कोणती सिस्टिम आहे हे कळताच कामा नये. पिजिन या चॅट अ‍ॅपवाल्यांनी आपला गाभा, लिबपर्पल ही लायब्ररी, वेगळी काढली, म्हणून तीच मॅकवरच्या एडियममध्ये आणि टर्मिनलवरच्या फिंचमध्येही चालली. मला ती रचना फार मोलाची वाटते. कोडभर पसरलेले #इफडेफ, म्हणजे "विंडोज असेल तर हे, मॅक असेल तर ते" असे तुकडे, मला आता बघवत नाहीत.

मेसेजच्या वेळेचंही तसंच. सी++ मधला लाँग हा पूर्णांकाचा प्रकार ६४-बिट लिनक्स आणि मॅकवर ८ बाइटचा, ६४-बिट विंडोजवर ४ चाच. त्या ४ बाइटमध्ये १९७० पासूनचे मिलिसेकंद २५ दिवससुद्धा पुरत नाहीत. म्हणून वेळ नेहमी इंट६४_टी मध्ये, जो सगळीकडे ८ बाइटचाच असतो. सेटिंग्ज कुठल्या फोल्डरमध्ये ठेवायच्या ते रस्ते क्यूटीच्या क्यूस्टँडर्डपाथ्सला विचारायचे, हाताने लिहायचे नाहीत.

पण मनात राहिला तो ऱ. इंग्रजी नावांवर कितीही चाचण्या केल्या असत्या तरी हा दोष सापडला नसता. तऱ्हा, सुऱ्या, दुसऱ्या हे आपले रोजचे शब्द, ते चाचणीत असायलाच हवेत.

आता अ‍ॅपच्या प्रत्येक बिल्डला (नव्याने बांधलेल्या आवृत्तीला) "कऱ्हांडला" नावाची फाइल तिन्ही सिस्टिमवरून फिरून येते. आपल्या उमरेडजवळच्या अभयारण्याचं नाव. परत आल्यावर फोल्डरमध्ये एकच फाइल दिसली, तरच मी ते बिल्ड कळमन्याला पाठवते.