रेडिएटर, इंटरकूलर आणि सोलापूरचा मे महिना : माझा अनुभव

मे महिन्याच्या भर दुपारी होटगी रोडच्या सिग्नलला थांबलो होतो आणि गाडीत गोडसर वास आला. कूलंटचा, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाचा, वास एकदा ओळखीचा झाला की विसरत नाही. गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं. रेडिएटरची प्लास्टिकची टाकी जाळीला जिथे जोडलेली असते, त्या शिवणीतून गुलाबी पाणी झिरपत होतं. वाळलेल्या जागी पांढरी खपली धरली होती. आत डॅशबोर्डवर तापमानाचा काटा मात्र ९० वर स्थिर.

गाडी २००५ सालची ऑक्टाव्हिया आरएस. १.८ लिटरचं, २० व्हॉल्व्हचं टर्बो पेट्रोल इंजिन, १५० अश्वशक्ती, हाताचा गिअर. आधीच्या मालकाकडून घेतली तेव्हापासून जपत आलोय. या गाडीच्या काट्याबद्दल आधीच सांगतो, कारण बरेच जण त्याच्यावर विसंबतात. पाणी साधारण ७५ ते १०५ अंशांच्या मध्ये कुठेही असलं तरी काटा ९० च दाखवतो. मालकाला उगाच धास्ती नको म्हणून तशी रचना केलेली असते. खरा आकडा हवा असेल तर ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं यंत्र) लावायचा. मी लावला तेव्हा १०४ दिसलं आणि पोटात गोळा आला.

गाडी अक्कलकोट रोडला चाचांच्या गॅरेजला नेली. चाचा चाळीस वर्षं इंजिनं उघडतायत. त्यांनी रेडिएटरची पांढरी खपली नखाने खरवडली आणि म्हणाले, "बोअरचं पाणी घातलंय वो दादा कुणीतरी. हे चुन्याचं पाणी आहे." सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे बोअरचं पाणी घरोघरी. ते जड पाणी तापलं की क्षार जाळीच्या बारीक नळ्यांत बसतात, जसे गिझरच्या कॉइलवर बसतात. पूर्वीचे तांबं-पितळेचे रेडिएटर खोलून, साफ करून झाळता यायचे. अल्युमिनियमची जाळी आणि प्लास्टिकची टाकी असली की झाळकाम नाही, बदलणं हाच उपाय.

रेडिएटर काढायचा म्हणजे गाडीचं अख्खं तोंड उघडायचं. मग इतकं उघडतोच आहोत तर बरीच वर्षं मनात असलेला इंटरकूलरही (टर्बोतून इंजिनात जाणारी हवा गार करणारी जाळी) आत्ताच पुढे आणावा, असं ठरवलं.

त्यामागचं कारण असं. टर्बो हवा दाबतो आणि दाबलेली हवा तापते. बाहेर ४१ अंश असताना अर्धा-पाऊण बार दाब दिला तर टर्बोतून निघणारी हवा नव्वद-शंभरच्या घरात जाते. गरम हवा विरळ असते, शिवाय इंजिनात ठोका येण्याचा, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटण्याचा, धोका. तो टाळायला कॉम्प्युटर ठिणगी उशिरा टाकतो आणि पिकअप मरतो. माझ्या गाडीत मुळातला इंटरकूलर उजव्या चाकाच्या पुढे, बंपरच्या कोपऱ्यात, पुस्तकाएवढा. थंड गावात तो पुरतो. आपल्याकडे उन्हाळ्यात दोनदा जोरात ओव्हरटेक केलं की तो स्वतःच तापून बसतो. तुळजापूरच्या घाटात मी स्कॅनरवर आत जाणाऱ्या हवेचं तापमान ७६ पाहिलं होतं.

पुण्याहून रेडिएटर आणि इंटरकूलरचं किट मागवलं. सगळं मिळून ४५ हजारांच्या आसपास गेले. विमा कंपनीला बदलाचं पत्र आधीच दिलं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मुळे आरसी बुकातला तपशील बदलेल असं काही करता येत नाही, म्हणून इंजिन, टर्बो आणि कॉम्प्युटरचं ट्यूनिंग यांना हात लावायचा नाही हे पक्कं होतं.

उघडायला अर्धा दिवस गेला. बंपर, मग हेडलाइट, मग पुढची अख्खी चौकट लांब बोल्टवर पुढे सरकवून ठेवायची. एसीचा कंडेन्सर पाईप न खोलता बाजूला टांगला, म्हणजे गॅस सोडावा लागत नाही. त्याच्या पातळ पात्या बोटानेही वाकतात. घरून दोन जुने सोलापुरी टर्किश टॉवेल नेले होते, ते दोन्ही बाजूंनी गुंडाळले. हे जरूर करा, पाना हातातून सुटतोच.

जुना रेडिएटर बाहेर आला तेव्हा तो नव्यापेक्षा चांगलाच जड लागला. ते वजन आत बसलेल्या क्षारांचं. नवा बसवण्याआधी इंजिनमधून डिस्टिल्ड वॉटर पाच वेळा फिरवून काढलं. चौथ्यांदा पाणी गढूळ होतं, पाचव्यांदा स्वच्छ आलं. मग जी१२ कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. हे कूलंट हिरव्या किंवा निळ्यात मिसळायचं नाही, आत गाळ धरतो. हवा काढताना हीटर पूर्ण गरमवर ठेवला. हीटरमधून थंड वारा येतोय तोवर आत हवा अडकलेली आहे असं समजायचं. पंखे दोनदा चालू होऊन बंद झाले, पाण्याची पातळी थोडी खाली गेली, गाडी गार झाल्यावर भर घातली.

इंटरकूलर बसवताना किटबरोबर आलेल्या कागदावर बंपरमागचा धातूचा आडवा बार कापायला सांगितलं होतं. मी नाही म्हटलं. समोरून धडक बसली तर तो बार पहिला मार घेतो. त्याऐवजी बंपरच्या आतलं प्लास्टिक तासलं आणि इंटरकूलर दोन बोटं खाली घेतला. त्यासाठी नवे ब्रॅकेट करावे लागले, एक दिवस वाढला, पण बार शाबूत आहे.

पहिल्या चाचणीला विजापूर रोडवर तिसऱ्या गिअरला पाय दाबला आणि पुढून 'फट्ट' असा आवाज आला. गाडी एकदम ढिली, मागे काळा धूर. सिलिकॉनचा जोड अल्युमिनियमच्या पाईपवरून निसटला होता. कॉम्प्युटरने मोजलेली हवा मध्येच बाहेर गेली, इंजिनला पेट्रोल मात्र पूर्ण मोजणीचं मिळालं, म्हणून धूर. पाईपची कड सपाट होती. अशा गुळगुळीत कडेवर क्लिप कितीही आवळा, दाब आला की जोड सरकतोच.

एमआयडीसीत आर्गन वेल्डिंग करणारे एक अण्णा आहेत. त्यांनी पाईप आधी स्टीलच्या ब्रशने चकचकीत घासला, कापडाने पुसला, मग कडेपासून अर्धा इंच आत फिलरचा (वितळवलेल्या तारेचा) बारीक ठिपका टाकला. त्याच्या शेजारी दुसरा, अर्धा पहिल्यावर चढलेला. पाईप डाव्या हाताने कणाकणाने फिरवत त्यांनी पूर्ण कडं काढलं, एकावर एक ठेवलेल्या नाण्यांच्या चवडीसारखं. आठ टोकं, दोन तास. नंतर साध्या क्लिपा काढून टी-बोल्टच्या लावल्या. गळती तपासायला पीव्हीसीच्या टोपीत ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवला, ती टोपी टर्बोच्या तोंडाला लावली, पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने जपून हवा भरली आणि सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी सोडलं. एका ठिकाणी बुडबुडे आले, तो जोड पुन्हा बसवला.

इथे काम संपलं असं वाटलं होतं. पिकअप खरंच सुधारला होता. पण सात रस्त्याच्या गर्दीत एसी लावून दहा मिनिटं उभा राहिलो तर पाणी १०८ वर गेलं. नवा रेडिएटर, नवं कूलंट, आणि जुन्यापेक्षा वाईट आकडा.

दोन दिवस मला काही सुचेना. आमच्या मामांचा यंत्रमागाचा कारखाना आहे. तिथून सुताचे धागे आणले, वीत-वीतभर तोडून कंडेन्सरच्या चारी कडांना, इंटरकूलरच्या मागे, चौकटीच्या फटींना चिकटपट्टीने लावले. चाचांनी पंखा सुरू केला. जाळीवरचे धागे आत ओढले गेले, हवे तसे. पण दोन्ही बाजूंच्या फटींतले धागे पुढे, आपल्याकडे फडफडत होते. इंजिनच्या बाजूची तापलेली हवा त्या फटींतून पुढे येत होती आणि पंखा तीच पुन्हा रेडिएटरमधून ओढत होता. इंटरकूलरने समोरची वाट अरुंद केल्यामुळे पंख्याला ही चोरवाट सोपी पडत होती. चाचा खाली वाकून बराच वेळ धाग्यांकडे बघत राहिले. "बघा की, हवा उलटी आली. एवढी वर्षं गाड्या उघडल्या, असं डोळ्यांनी नव्हतं बघितलं."

मुळात कंपनीच्या चौकटीला तिथे प्लास्टिकच्या पट्ट्या असतात. किट बसवताना पाईपला जागा व्हावी म्हणून आम्ही त्या काढून ठेवल्या होत्या. मी त्यांना बिनकामाच्या समजलो, ही चूक माझी. पाईपभोवती बसतील अशा कापून त्या परत लावल्या. उरलेल्या फटींत उष्णता सोसणारा फोम भरला. इंटरकूलरच्या दोन्ही बाजूंनी अल्युमिनियमच्या पत्र्याचे पंख करून घेतले, म्हणजे बंपरच्या जाळीतून आलेली हवा बाजूला न पळता थेट रेडिएटरवर जाते. पत्रा आणि फोम मिळून ९०० रुपये. पुन्हा धागे लावले, पंखा सुरू केला. सगळे धागे आत.

त्याच आठवड्यात बाहेर ४२ अंश असताना सात रस्त्याला एसी लावून पंधरा मिनिटं उभा राहिलो. पाणी ९६, पंखा सुरू झाला की ९२. रविवारी पहाटे न निघता मुद्दाम दुपारी दोनला तुळजापूरला निघालो. घाटात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर, शेजारी बसलेल्या भावाच्या हातात स्कॅनर. तो आकडे वाचत होता : आत जाणारी हवा ५१, ५२, ५१. वर पोहोचल्यावर गाडी सावलीत लावली, बॉनेट उघडलं. डाव्या कोपऱ्यात एक धागा काढायचा राहिला होता, पंखा बंद झाला तसा तो खाली पडला.