झोपली का?

हल्ली आमच्या घरात सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे आणि तो कोणीही तोंडाने विचारत नाही. दाराच्या फटीतून एक डोकं आत येतं, भुवया वर जातात, आतल्या माणसाने नकारार्थी मान हलवली की डोकं आलं तसं मागे जातं. तळहात दाखवला तर अजून थोडा वेळ, अंगठा दाखवला तर झोपली, आणि आतला माणूस नुसताच शून्यात बघत बसला असेल तर समजून घ्यायचं की झोपली होती, उठलीये, आता काही विचारू नका. पहिलं मूल झालं की नवराबायकोत अशी खाणाखुणांची भाषा आपोआप तयार होत असावी, आम्हाला कोणी शिकवली नव्हती. एकाच घरात राहून आम्ही एकमेकांना हॉलमधून बेडरूममध्ये मेसेज करतो, आणि मेसेज आल्याचा आवाज झाला तर ज्याचा फोन वाजला त्याची काही धडगत नसते.

बाळ व्हायच्या आधी आम्ही वाचलं होतं की नवजात बाळ दिवसाला 14 ते 17 तास झोपतं. वाचून बरं वाटलं होतं, म्हणजे बायकोने तर बघायच्या राहिलेल्या सिरीजची यादीच काढून ठेवली होती. आकडा खरा आहे, त्यात काही फसवाफसवी नाही, फक्त हे तास हप्त्याहप्त्याने मिळतात हे आकड्यात दिसत नाही. एवढंसं पोट, ते दर दोन-तीन तासांनी रिकामं होणार, म्हणजे चोवीस तासांत 8 ते 12 वेळा पाजायचं, मग ढेकर, मग ढेकरीबरोबर थोडं दूध आपल्या खांद्यावर, मग लंगोट, मग कपडे कारण लंगोट बदलताना दुसरं काहीतरी झालेलं असतं, मग झोपवणं, आणि हे सगळं उरकून आपण पाठ टेकतोय तोवर पुढची वेळ झालेली. त्यात दिवस कुठला आणि रात्र कुठली हे त्यांना सुरुवातीला कळतच नाही, शरीरातलं ते घड्याळ लागायलाच दोन-तीन महिने जातात. रात्रीच्या वेळी आईच्या दुधात मेलाटोनिन जास्त असतं, ते झोपेचं हार्मोन, म्हणजे निसर्गाने आपल्या परीने मदत करायचा प्रयत्न केलेला आहे. आमच्या मॅडमनी ते कधी फारसं मनावर घेतलं नाही.

पण झोपवणं एकवेळ परवडलं, खरं काम झोपलेलं बाळ खाली ठेवणं हे आहे. ज्यांनी हे केलंय त्यांना सांगायची गरज नाही आणि ज्यांनी केलं नाही त्यांना पटणार नाही. ती खांद्यावर झोपलेली, गालाचा चंबू झालेला, माझ्या शर्टवर लाळेचा गोल, डावा हात केव्हाच बधिर झालेला. मी श्वास धरून कॉटपाशी येतो, वाकतो, वाकताना गुडघा कट् करतो (हा गुडघा आधी कधी वाजत नव्हता किंवा वाजत असेल तर ऐकू येण्याइतकी शांतता घरात नसायची), आधी ढुंगण टेकवायचं, मग पाठ, मग डोकं, मग मानेखालचा हात एकेक बोट करत काढून घ्यायचा. शेवटचं बोट निघतं आणि त्याच क्षणी तिचे दोन्ही हात फटकन बाजूला उडतात, बोटं ताणली जातात, डोळे टक्क उघडतात आणि हात पुन्हा मिठी मारल्यासारखे आत येतात. की पहिले पाढे पंचावन्न.

याला मोरो रिफ्लेक्स म्हणतात, एर्न्स्ट मोरो नावाच्या बालरोगतज्ज्ञाने 1918 मध्ये त्याबद्दल लिहिलं. आपण पडतोय असं बाळाला वाटलं की हे होतं. मोरो म्हणे बाळाला उशीवर ठेवून दोन्ही बाजूंनी उशीवर थाप मारून हे तपासायचा. माणसाच्या धाडसाची कमाल वाटते. मी तर कॉटच्या दोन हात अंतरावरून जाताना चप्पल हातात घेतो.

मग बायकोला कुठेतरी जपानमधल्या एका अभ्यासाबद्दल वाचायला मिळालं. 2022 चा आहे, 21 बाळांवर केलेला. रडणाऱ्या बाळाला उचलून पाच मिनिटं न थांबता चालायचं, झोपलं की लगेच खाली ठेवायचं नाही, तसंच धरून पाच ते आठ मिनिटं बसायचं आणि मग ठेवायचं. त्यांनी बाळांच्या हृदयाचे ठोके वगैरे मोजले तेव्हा दिसलं की बाळ जागं होतं ते पाठ गादीला लागते म्हणून नाही, त्याचं पोट आपल्या अंगापासून सुटायला लागतं तेव्हाच ते सावध होतं. हे वाचल्यावर मला जरा हायसंच वाटलं, म्हणजे गादी गार आहे, चादर टोचते, हे सगळे आमच्याकडचे वाद एका फटक्यात निकालात निघाले. त्या रात्री मी घड्याळ लावून हॉल ते स्वयंपाकघर अशा येरझारा घातल्या, मग खुर्चीत बसलो, मान तिरकी, नाकाला खाज येतेय पण खाजवायचं नाही, आणि खरंच जमत आलं होतं हो. आठ मिनिटं झाल्याबरोबर फोनचा टायमर वाजला. पूर्ण आवाजात.

बायको काही बोलली नाही. म्हणजे बोलली, पण कुजबुजत. हा एक प्रकार मला कोणी आधी सांगितला नव्हता, कुजबुजत भांडण करणं. माणूस ओरडून भांडतो तेव्हा त्यात एक जोर असतो, आवाज चढतो, हात वर जातात, दार आपटायची सोय असते. इथे दोघंही चवड्यांवर उभे, 'तू सायलेंटवर का नाही ठेवला' हे वाक्य इतक्या हळू म्हणायचं की समोरच्याला नीट ऐकू येत नाही, तो 'काय?' विचारतो, मग परत तेच वाक्य, तोवर त्यातला राग निम्मा गळून गेलेला असतो आणि तिसऱ्यांदा 'काय?' विचारलं की दोघांनाही हसू फुटतं, आणि ते हसू दाबणं हे भांडणापेक्षा अवघड. आमची पहिल्या वर्षातली बहुतेक भांडणं अशी अर्धवट राहिलीयेत. कधीतरी ती पूर्ण करायला हवीत असं आम्ही म्हणतो, पण विषय काय होते तेच आठवत नाही.

दुसरी गंमत म्हणजे झोपलेलं बाळ झोपल्यासारखं वागत नाही. नवजात बाळाची जवळजवळ अर्धी झोप ही 'ॲक्टिव्ह स्लीप' असते, त्यात ते कण्हतं, कुंथतं, तोंड वाकडं करतं, हातपाय झाडतं, एखादा हुंदका देतं, मधेच हसतंही. आम्ही दोघं दिव्याच्या मिणमिण उजेडात कॉटवर वाकून बघत बसायचो, उठली वाटतं, घेऊ का, घे घे, आणि उचललं की मग खरोखरच उठायची. आई आमच्याकडे राहायला आली तेव्हा तिने एका रात्रीत हे ओळखलं. 'अरे थांब जरा, हात नको लावू, ती झोपेतच आहे.' मी म्हटलं अगं रडतेय ती. 'रडू दे की मिनिटभर.' आणि पुढच्या मिनिटाला पोरगी ढिम्म, गाढ. आईने कुठलाही अभ्यास वाचला नव्हता, जपानचा तर नाहीच. मात्र याच आईशी उशीवरून माझी चांगली जुंपली. तिचं म्हणणं डोक्याखाली मऊ काहीतरी पाहिजे, डॉक्टरांचं म्हणणं कॉटमध्ये काहीही नको, सपाट टणक गादी आणि बाळ पाठीवर. पाठीवर झोपवायचा हा सल्ला 1990 च्या दशकात बऱ्याच देशांत मोहीम काढून दिला गेला आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांची संख्या त्यानंतर खूप कमी झाली. हे सांगितल्यावर आई म्हणाली, 'बरं बाबा, तुमचं खरं', आणि उशी स्वतःच्या डोक्याखाली घेतली.

रात्री तीनला शी होणं हा आणखी एक अध्याय. साधी शी नव्हे, जी डायपरचं ऐकत नाही, पाठीवरून वर चढते आणि मानेपर्यंत पोचायच्या बेतात असते ती. आम्ही ते झबलं डोक्यावरून काढायचो, म्हणजे जे पाठीला होतं ते केसांना, मग तीन वाजता अंघोळ. मग एकदा लक्षात आलं की त्या बॉडीसूटच्या खांद्यावर जी एकावर एक आलेली पाकिटासारखी घडी असते ती शोभेची नाही, तिच्यामुळे गळा एवढा मोठा होतो की अख्खं झबलं खांद्यावरून खाली, पायांतून काढता येतं. मी बायकोला ते करून दाखवलं तेव्हा तिने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं तसं लग्नातही बघितलं नव्हतं. अर्थात नंतर नवीन कपडा घालायचाच असतो आणि त्याला टिचबटणं असतात. अंधारात एका पायापासून लावत यायचं, टिच, टिच, टिच, आणि शेवटी एका बाजूला एक बटण शिल्लक राहतं ज्याला जोडीदारच नाही. आता सगळी काढून परत लावायची की तसंच सोडायचं? आमच्याकडे तसंच सोडतात. सकाळी पोरगी एक पाय आखूड एक पाय लांब अशा अवतारात आजीसमोर येते.

या सगळ्यात माझी मुख्य तक्रार वेगळीच आहे. एखादी युक्ती कळायला, हातात बसायला जेवढा वेळ लागतो, साधारण तेवढ्याच वेळात ती कालबाह्य होते. दुपट्यात घट्ट गुंडाळलं की हात उडत नाहीत आणि झोप मोडत नाही हे कळलं, मग ते गुंडाळणं शिकलो, इकडचं टोक तिकडे, पायाकडची बाजू सैल, इतकं सफाईदार की पाहुण्यांना करून दाखवायचो. त्यानंतर काही दिवसांत ती पालथी पडायचा प्रयत्न करायला लागली, आणि बाळ पालथं पडायची लक्षणं दिसली की गुंडाळणं बंद करायचं असतं. गेलं. मोरो रिफ्लेक्स चार-सहा महिन्यांत आपोआप जातो, तो गेला त्या दिवशी कोणी सांगितलंही नाही, मी आपला अजून एकेक बोट काढतोय. एक्झॉस्ट फॅनच्या घरघरीने ती शांत होते हा शोध तर मी अगदी अभिमानाने नातेवाईकांत पसरवला होता, बाथरूमच्या दाराशी उभं राहून तासन्‌तास तो आवाज ऐकलाय आम्ही दोघांनी, मी आणि लेकीने. मग एक दिवस तिने तो आवाज ऐकला, माझ्याकडे बघितलं, आणि भोकाड पसरलं. का? काही कारण नाही. अभ्यासक्रम बदलला, एवढंच, आणि नवीन पुस्तकं बाजारात यायचीत.

हसण्याचंही तसंच. झोपेतलं हसू पहिल्या दिवसांपासून दिसतं, पण ते कोणाला बघून नसतं. समोरच्याला बघून हसणं साधारण सहा ते आठ आठवड्यांत सुरू होतं हे माहीत असल्यामुळे आम्ही दोघं तिच्या तोंडापुढून हलत नव्हतो, कारण पहिलं हसू कोणाला मिळतं यावर आमची उघड उघड स्पर्धा होती. माकडचेष्टा, शीळ, टाळ्या, सगळं करून झालं. ते पहिलं हसू मिळालं छताच्या पंख्याला. लांब पांढऱ्या छतावर काळी पाती, त्या वयात त्यांना अशा ठळक गोष्टी आवडतात, हे सगळं मान्य, तरी वाईट वाटायचं ते वाटलंच. मला दुसरा नंबर मिळाला असं मी म्हणतो. बायको म्हणते मी मधे आलो होतो, बघत ती पंख्याकडेच होती.

आठव्या महिन्याच्या सुमाराला आणखी एक भानगड झाली. तोवर मी खोलीतून गेलो की विषय संपायचा. आता तिला कळलंय की बाबा दिसत नसला तरी दाराच्या पलीकडे आहे. जीन पियाजे नावाचा स्विस मानसशास्त्रज्ञ स्वतःच्याच मुलांची खेळणी त्यांच्यादेखत फडक्याखाली लपवायचा आणि मूल ते फडकं उचलतं की नाही ते लिहून ठेवायचा. आमच्याकडे हा प्रयोग रोज रात्री होतो, फक्त फडक्याच्या जागी दार आहे आणि खेळणं मी. त्यामुळे ती झोपल्यावर खोलीतून मी रांगत बाहेर पडतो, कॉटच्या उंचीच्या खालून, आणि परवा दाराशी पोचून मागे वळून बघितलं तर दांड्यांच्या मधून दोन डोळे माझ्याकडे अत्यंत कुतूहलाने बघत होते. तिला वाटलं असेल बाबाही अखेर रांगायला शिकला.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात, आमच्या मुलीचे सध्या शब्दशः दिसतात कारण ती कॉटची दांडी धरून उभी असते. उभं राहणं जमलंय, परत खाली बसणं जमत नाही. त्यामुळे रात्री अर्धवट झोपेत उठते, दांडी धरते, उभी राहते आणि मग अडकते, पाय थरथरतायत, डोळे मिटलेले, आणि गळा मात्र पूर्ण मोकळा. आपण जाऊन बसवायचं, आडवं करायचं, वळेपर्यंत बाई परत उभ्या. म्हणून आता दिवसभर आमचा बसण्याचा क्लास चालतो. ती उभी राहिली की पायाशी लाकडी चमचा टाकायचा, म्हणजे तो घ्यायला ती गुडघे वाकवते, वाकवते, आणि धप्पकन बसते, मग आम्ही तिघंही टाळ्या वाजवतो, ती सगळ्यात जोरात. दिवसा दहापैकी आठ वेळा जमतं. रात्री तिला ते आठवत नाही, चमचा टाकून बघितला, तो टाइल्सवर पडून शेजाऱ्यांनाही ऐकू गेला असेल.

हे लिहिता लिहिता आतून खुडबुड ऐकू आली. बायकोचा मेसेज आलाय. 'उभी आहे. तुझा नंबर.'