मग झोपलो आम्ही

माहेराहून परत आल्यापासून एक वाक्य मनातून जात नाही. ते कुणी टोचून बोललेले नाही, रागाने तर मुळीच नाही, आणि म्हणूनच त्याला उत्तर सुचत नाही. पोळ्याच्या दिवशी वहिनी मांडे करत होती. हातांवर फिरवत फिरवत पार कोपरापर्यंत वाढवलेला मांडा तिने पालथ्या खापरावर अलगद सोडला, त्याची दुमडलेली कड बोटांच्या टोकांनी सरळ केली आणि माझ्याकडे न पाहताच म्हणाली, “आम्हाले वाटलं, ताई, तुम्ही सोडून देलं असीन. मग झोपलो आम्ही.” त्यानंतर ती पुरणात वेलदोडा कमी पडल्याविषयी बोलू लागली आणि विषय संपला. तिच्यापुरता संपला.

मी शर्यत सोडली नव्हती. शर्यत म्हणजे स्वीडनमधल्या कालमार गावची आयर्नमन: पोहणे, सायकल आणि धावणे, तिन्ही एकाच दिवसात लागोपाठ. हे इथे लिहून ठेवावेसे वाटते, कारण त्या वेळी मला ते बोलता आले नाही. खरे तर बोलण्याची गरजही नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांना कळलेच होते, दादाचा फोन आला होता, अप्पांनी गल्लीत पेढे वाटले होते. मला छळतो आहे तो निकाल नव्हे, ती रात्र.

कालमारचे घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते. तिथे सकाळी सातच्या सुमारास आम्ही बाल्टिक समुद्राच्या पाण्यात उतरलो तेव्हा माहेरी रावेरला साडेदहा वाजले होते आणि भाचा फोनवर नकाशा उघडून ओसरीत बसला होता. घोट्याला बांधलेली चिप वाटेत अंथरलेल्या पट्ट्यांवरून गेली की वेळेची नोंद होते आणि त्या नोंदीच्या आधारे नकाशावर आपल्या नावाचा ठिपका पुढे सरकतो. मी 3.8 किलोमीटर पोहून बाहेर पडले तेव्हा घरी टाळ्या वाजल्या म्हणे. नंतर सायकलवर ओलांद बेटाकडे जाणाऱ्या पुलावर ठिपका आला, तेव्हा आत्या समुद्रावरून चालली आहे असे तो शेजारीपाजारी सांगत सुटला. सहा किलोमीटरांहून थोडा लांब असलेल्या त्या पुलावर एरवी सायकलला मज्जाव असतो. शर्यतीच्या दिवशी मात्र तो आपल्यासाठी मोकळा असतो आणि दोन्ही बाजूंना नुसते पाणी दिसते. त्या पुलावर मला घराची आठवण आली होती. कुणीतरी आपल्याला पाहते आहे या जाणिवेने पाय हलके झाले होते, हे मी वहिनीला सांगितलेले नाही.

सायकलचे 180 किलोमीटर संपवून मी धावायला लागले तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेआठ होत आले होते. पूर्ण मॅरेथॉन, म्हणजे 42.2 किलोमीटर, तीन फेऱ्यांमध्ये. दुसऱ्या फेरीत, गावाबाहेरच्या शेतांच्या कडेने जाणाऱ्या रस्त्यावर, पोटाने एनर्जी जेल, म्हणजे ताकदीसाठी चोखायचा गोड लगदा, घेणे बंद केले. जे आत गेले ते बाहेर आले आणि पाण्याचा घोटही टिकेना. मी चालू लागले, मग एका बुटक्या दगडी कठड्यावर बसले. शर्यतीत माझ्याजवळ फोन नव्हता, त्यामुळे कुणाला काही कळवण्याचा प्रश्नच नव्हता. आईने बळेच दिलेली जिरे-मिठाची पुडी पाठीवरच्या खिशात होती. घामाने तिचा कागद विरघळून मिठाला चिकटला होता. तो नखाने सोलून मी ओला गोळा जिभेवर ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. समोरच्या घरातली एक म्हातारी बाई, मांडीवर घोंगडी घेऊन खुर्चीत बसलेली, “हेया, हेया” म्हणत टाळ्या वाजवत होती. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकासाठी ती तेच म्हणत होती. मी बसले होते तरी ती माझ्यासाठीही टाळ्या वाजवत होती.

त्याच वेळी रावेरला ठिपका थांबला. दोन पट्ट्यांच्या मधे माणूस चालतो आहे, बसला आहे की आडवा झाला आहे, हे पाहणाऱ्याला कळायला काहीच मार्ग नसतो. घरच्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग फोन चार्जिंगला लागला आणि दिवे मालवले गेले.

आता यात मला नेमके कशाचे वाईट वाटले? ते झोपले याचे नाही. पहाटे गोठ्यात उठायचे असते, पावसाळ्यात तर कामाला अंत नसतो, आणि मी घरातून उठून इतक्या लांब गेले म्हणून साऱ्या घराने रात्रभर ताटकळावे अशी माझी अपेक्षा कधीच नव्हती. वाईट वाटले ते मधल्या वाक्याचे. सोडून दिले असेल, हे त्यांना इतक्या सहज कसे वाटले? ठिपका थांबला म्हणजे चिप बिघडली असेल, नेटवर्क गेले असेल, बूट बदलत असेल, असे काहीही वाटू शकले असते. पण मनात पहिले आले ते हेच, आणि ते आल्यावर कुणाची झोप उडाली नाही. उलट, झोप आली.

मग मी स्वतःची बाजू मांडत बसते, मनातल्या मनात, भांडी विसळताना किंवा गाडी चालवताना. मी कोण आहे हे यांना माहीत नाही का? रविवारी पहाटे अंधारात जळगावहून निघायचे, एरंडोल, पारोळा करत धुळे गाठायचे आणि तसेच परत यायचे, म्हणजे शर्यतीएवढे अंतर पुरे होते. महामार्गावरचे ट्रक अंगाला हवा मारत जातात तेव्हा हँडल दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवावे लागते, हे त्यांनी पाहिलेले नाही. मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर गेल्यावर खोलीत सायकल ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर, चढवून पंख्यासमोर तासन्‌तास पाय मारले, खाली फरशीवर घामाचे थारोळे साचे. आपल्याकडच्या कोमट तलावात पोहणाऱ्या बाईला तिथल्या थंड पाण्यात पहिला श्वास घेताना छाती आवळल्यासारखी होते. धाकटीचे दहावीचे वर्ष होते. पैशाचे तर बोलायलाच नको. आणि ह्यांच्याविषयी मी आज लिहिणार नाही.

हे सगळे आठवत गेले की डोळ्यांत पाणी येते आणि मग त्या पाण्याचीही चीड येते. काल रात्री असेच झाले आणि मी उठून बसले.

मी ज्या खेळात पडले आहे त्याने मला एक शिकवण दिली आहे आणि ती मी फार मनापासून घेतली आहे: सोडायचे नाही. या खेळाचा सगळा इतिहास त्याच एका गोष्टीभोवती सांगितला जातो. 1978 साली हवाईतल्या ओआहू बेटावर जॉन कॉलिन्स या नौदल अधिकाऱ्याने आणि त्याच्या पत्नीने तिथल्या तीन वेगवेगळ्या स्पर्धांची अंतरे एका दिवसात जोडली, तेव्हा 15 जण सुरुवातीला उभे राहिले आणि 12 जणांनी ती पुरी केली. गॉर्डन हॅलर हा पहिला आला, 11 तास 46 मिनिटे 58 सेकंदांत. हे आकडे मला परवचा पाठ असावा तसे पाठ आहेत. 1982 ची ज्युली मॉस तर या खेळातल्या प्रत्येकाला ठाऊक असते: महिलांमध्ये सर्वांत पुढे असलेली ही मुलगी शेवटच्या रेषेच्या अगदी जवळ कोसळली, कॅथलीन मॅकार्टनी तिला मागे टाकून जिंकली, आणि ज्युली हातापायांवर रांगत 29 सेकंदांनी रेषेपाशी पोहोचली. टीव्हीवर ती दृश्ये पाहून कित्येक लोक या खेळाकडे वळले. मीही ती पुन्हापुन्हा पाहिली आहेत आणि दर वेळी माझा गळा दाटून आला आहे.

पण 15 पैकी 12 म्हणजे तिघे उरतात. त्या तिघांची नावे मला पाठ नाहीत. ते कुठे थांबले, का थांबले, त्या संध्याकाळी घरी कसे गेले, हे मी कधी शोधलेही नाही. काल पहिल्यांदा त्यांच्याविषयी विचार आला आणि त्यातून दादाची केळी आठवली.

दादाने टिश्यूकल्चरची रोपे लावली होती. ठिबकच्या नळ्या नव्या, खड्डे वेळेवर, सगळे यथासांग. मग आभाळ दाटलेले राहिले, मावा पसरला आणि पानांवर पिवळ्या रेघा दिसू लागल्या. सीएमव्ही, म्हणजे कुकुंबर मोझॅक व्हायरस, केळीवरचा विषाणूचा रोग. पाने आक्रसतात, पोगा कुजतो, आणि त्यावर औषध नाही. रोगट रोप मुळासकट उपटून लांब नेऊन नष्ट करायचे, एवढाच उपाय, नाही तर शेजारच्याचीही बाग जाते. रावेर-यावल भागात हे किती घरांत झाले ते इथे सांगायला नको. दादाने काही दिवस एकेक रोप उपटले आणि मग एका सकाळी बहुतेक सगळी बागच काढली. फोनवर मला म्हणाला, “काढून टाकली. जमीन तर आहे ना.” त्याला कुणी भेकड म्हटले नाही. अप्पा म्हणाले, वेळेवर काढली ते बरे झाले. वहिनीने त्या दिवशी नेहमीसारखा स्वयंपाक केला असणार, कारण माणसे शेतातून दमून आली होती.

आमच्या घरात सोडण्याला लाज चिकटलेली नाही, हे मला इतकी वर्षे त्या घरात काढूनही काल रात्री कळले. पीक सोडावे लागते, कधी विहीर अर्ध्यावर सोडावी लागते. कुठवर रेटायचे आणि कुठे हात काढून घ्यायचा हे ज्याला कळते त्याला आमच्याकडे शहाणा म्हणतात. त्या मापाने वहिनीचे वाक्य पाहिले तर त्यात माझ्याविषयी हलके असे काहीच नव्हते. ताई दमली असेल, अंगावर बेतले असेल, शहाणपणाने थांबली असेल, म्हणजे आता ती कुठेतरी खोलीवर गरम काहीतरी पिऊन निजली असेल. मग आपणही निजायला हरकत नाही. त्यांना झोप आली ती मी सुखरूप आहे असे वाटून आली. मी सोडलेले नाही, मी अजून त्या अंधाऱ्या रस्त्यावर ओकारी दाबत चालते आहे, हे त्यांना कळले असते तर आई रात्रभर देवापाशी बसली असती.

आणि दादाने बाग काढली त्या रात्री मी काय केले होते? मी झोपले होते, आणि चांगली गाढ झोपले होते. मला त्याची काळजी वाटली नाही असे नव्हे. दादा आहे, तो पुन्हा लावेल, हे मला इतके पक्के माहीत होते की जागे राहण्याचे कारणच उरले नव्हते.

हे लिहिल्यावर बरे वाटले, पण पुरते नाही. कारण त्या कठड्यावरून मी उठले ते शहाणपणाने उठले नव्हते. शहाणपण तर बस म्हणत होते. जिभेवरचे मीठ विरघळले, पोट शांत झाले की नाही याची वाट न पाहता मी उभी राहिले, त्या म्हातारीने आणखी जोरात टाळ्या वाजवल्या, पुढच्या टेबलावर गॅस उडालेल्या कोलाचे दोन घोट घेतले, ते टिकले, मग अर्धे केळे खाल्ले, तेही टिकले. लांबच्या बागेतून आलेले ते केळे आपल्याकडच्यापेक्षा कमी गोड होते, हेही मला त्या अवस्थेत जाणवले. तिसऱ्या फेरीत मी पुन्हा धावत होते. अशा शर्यतीला साधारण सोळा-सतरा तासांची मुदत असते आणि तिच्या आत मी कॅथेड्रलसमोरच्या चौकात पोहोचले. तो आनंद मी कशाशीही बदलणार नाही. तो मिळाला त्या क्षणी रावेरला रात्रीचे दोन वाजले होते आणि माझ्या माणसांपैकी कुणालाही तो माहीत नव्हता. एखाद्याने तरी जागे असावे असे मला तेव्हा वाटले होते, आत्ताही वाटते, आणि ते समजावून सांगितल्याने जाईल असे दिसत नाही. मग ते राहू दे. त्यासाठी वहिनीवर रुसण्याचे मात्र आता काही कारण उरले नाही.

भाच्याला मी चिपचे आणि पट्ट्यांचे सगळे नीट समजावले आहे. ठिपका थांबला तर माणूस थांबला असे नसते, एवढे त्याला पटले. दादाला एक विचारायचे आहे: बाग काढली त्या रात्री तो झोपला होता का? तेव्हा मला हे विचारायचे सुचलेच नाही. फोनवर विचारण्यासारखी ती गोष्ट नाही. भाऊबीजेला जाईन तेव्हा विचारीन.