मोड आलेली मटकी नव्हे, कॅक्टसची पिल्लं : एडिंबरातला हिवाळा

आधी आकडे सांगते, मग रडगाणं. १२ ऑक्टोबरला तीन प्रकारच्या कॅक्टसच्या तीन कुंड्या पेरल्या होत्या, ॲस्ट्रोफायटम मायरिओस्टिग्माच्या २० बिया, जिम्नोकॅलिशियमच्या २० आणि मॅमिलारियाच्या ३० च्या आसपास (त्या मोजायच्या म्हणजे खसखस मोजायची). आज १५ फेब्रुवारी, शिल्लक १६, ९ आणि १४. पहिल्याच वर्षी, तेही एडिंबरात, मला तरी बरं वाटतंय.

पद्धत नेहमीचीच. निम्मं परलाइट (कुंडीत घालतात ते हलके पांढरे खनिज दाणे) आणि बारीक खडी, निम्मं चाळलेलं कंपोस्ट, ओलं करून मायक्रोवेव्हमध्ये वाफ येईपर्यंत, गार झाल्यावर बिया नुसत्या वर टाकल्या, झाकल्या नाहीत कारण यांना रुजायला उजेड लागतो, आणि कुंडी झिपलॉकमध्ये बंद. चौथ्या दिवशी ॲस्ट्रोफायटम फुटायला लागली. त्यांची बी बघितलीये का कधी, चकचकीत तपकिरी, छोट्याशा टोपीसारखी, आणि रोप वर येताना बरेचदा तीच टोपी डोक्यावर घेऊन येतं. दोन दिवसांत अकरा टोपीवाले! ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून मी भिंगातून हेच बघत बसले होते.

आता रडगाणं. कुंड्या ठेवल्या खिडकीच्या कट्ट्यावर, खाली हीटर. म्हटलं ऊब पण आहे, उजेड पण आहे, अजून काय पाहिजे. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत भराभर वाढली आणि मी खूश, गोल व्हायला पाहिजेत ती उंच होतायत हे कळत होतं पण वळत नव्हतं. मग व्हिडिओ कॉलवर आईला दाखवलं तर म्हणते, "अगं, हा कसला निवडुंग, ही तर मोड आलेली मटकी!"

(बाय द वे, आई ज्याला निवडुंग म्हणते तो आमच्या बांधावरचा त्रिधारी, तो कॅक्टस नाहीच, युफोर्बिया आहे, तोडला की पांढरा चीक येतो. पण हे तिला कोण सांगणार.)

तर मटकीचं तिचं शंभर टक्के बरोबर होतं. आपण मटकी फडक्यात बांधून उबेला ठेवतो, अंधार आणि ऊब मिळाली की मोड उजेड शोधत लांबत जातो. मी तेच करत होते, फक्त फडक्याच्या जागी स्कॉटलंडचं आभाळ. इथे २१ डिसेंबरला दिवस जेमतेम सात तासांचा, पावणेनऊला उजाडतं आणि पावणेचारच्या आत सूर्य गेलेला, त्यात ढग. फोनवरच्या लक्स मीटरने, म्हणजे उजेड मोजणाऱ्या ॲपने, मोजलं (फार अचूक नसतं, तुलनेला चालतं), भर दुपारी काचेपाशी ७०० लक्स. कडक उन्हात हाच आकडा लाखाच्या घरात असतो. आणि खोली बघाल तर मस्त उजेडाची वाटते, डोळा जुळवून घेतो ना, त्यामुळे डोळ्याच्या भरवशावर राहूच नका.

२० नोव्हेंबरला ३० वॉटचा एलईडी पॅनल टांगला, टायमरवर १४ तास. दिवसाला ०.४२ युनिट, म्हणजे दोन-तीनदा किटली भरून पाणी उकळण्याइतकं, घरच्यांना हेच सांगून गप्प केलं. उत्साहात आधी १० सेंटीमीटरवर लावला तर चार दिवसांत जिम्नो जांभळट तपकिरी, मग २५ वर नेला तेव्हा हळूहळू हिरवी झाली. कुंड्या हीटरपासून पण लांब नेल्या. उजेड कमी आणि ऊब जास्त, हीच खरी गडबड होती.

लांबलेली मान पुन्हा जाड होत नाही हे लक्षात ठेवा. नवीन वाढ वरून गोल येते, म्हणजे वर लाडू, खाली काडी, आणि लाडू कलंडतो. मी टूथपिकने एकेकाच्या गळ्याभोवती बारीक खडी सारून भरली, ४० रोपं, दोन संध्याकाळी, मान माझीच मोडली.

डिसेंबरमध्ये पिशव्या उघडल्या आणि आठवड्याभरात चिलटं. उडणारी त्रास देत नाहीत, त्यांच्या मातीतल्या अळ्या देतात. मॅमिलारियाला बोट लावलं तर नुसतं साल हातात, आतून पोकळ, अशी आठ गेली. पिवळे चिकट कागद लावले, अळ्यांसाठी स्टायनरनेमा फेल्टिए हे सूत्रकृमी (अळ्यांना मारणारे सूक्ष्म जंत) पाण्यातून घातले, आणि आता पाणी फक्त खालून, वरची खडी कोरडी. तीन आठवड्यांत कागदावर नवीन चिलट नाही.

यंदा पाणी तोडलेलं नाही, मोठ्या झाडांसारखी हिवाळी विश्रांती एवढ्याशा पिल्लांना झेपत नाही, सुकून जातात.

काल एका मायरिओस्टिग्मावर पहिले पांढरे ठिपके दिसले, मिठाचे दाणे चिकटल्यासारखे. मी फुंकर मारून बघितली, मीठ नव्हतं. मॅमिलारियाची गर्दी झालीये पण एकमेकांना टेकून बरी दिसतायत, एप्रिलमध्ये वेगळी करू का अजून एक वर्ष तशीच ठेवू? कुणी केलं असेल तर सांगा.