पीव्हीआयडी राहिला की बिल निघत नाही

"ताई, बिल निघंना गेलंय की ओ. माल भरून गाडी दारात उभी हाय."

फोन हिशेब बघणाऱ्या अण्णांचा. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना, त्यांचं नेटवर्क मी सांभाळते. जाऊन बघितलं तर लूमच्या शेडमध्ये कुणीतरी वायफायसाठी घरचा जुना राउटर आणून लावलेला, आणि वायर खोचलेली त्याच्या लॅन पोर्टात. झालं, तो सगळ्या कारखान्याला स्वतःचेच आयपी, म्हणजे नेटवर्कवरचे पत्ते, वाटत सुटला. १६ कॅमेरे, बिलिंगचे कॉम्प्युटर, प्रिंटर सगळं एकाच जाळ्यात, त्यामुळे शेडमधली चूक थेट ऑफिसात.

राउटर काढला, गाडी गेली. पण उद्या दुसरा कुणी लावणारच. मालकांना म्हटलं, २४ पोर्टांचा मॅनेज्ड स्विच, म्हणजे सेटिंग बदलता येणारा, तुम्ही साध्यासारखा वापरताय. त्यात व्हीलॅन करून घेऊ, म्हणजे एकाच स्विचवर वेगवेगळी जाळी.

व्हीलॅनचे नंबर दिले: ऑफिस १०, कॅमेरे २०, शेडचं वायफाय ३०. पोर्ट २४ मुख्य राउटरकडे, तिथे तिन्ही टॅग्ड. टॅग म्हणजे फ्रेममध्ये घातलेले ४ बाइट. अण्णांना सांगितलं, गठ्ठ्यावर पार्टीचं नाव लिहिता ना, तसंच. कॉम्प्युटर-कॅमेऱ्यांची पोर्टं अनटॅग्ड, त्यांना ही चिठ्ठी वाचायची गरज नाही.

आता नीट वाचा, कारण माझे दोन तास इथेच गेले. अशा बऱ्याच स्विचवर सेटिंगची दोन वेगळी पानं असतात. एकावर ठरतं, पोर्टातून कुठल्या व्हीलॅनचा माल बाहेर पडणार. दुसऱ्यावर पीव्हीआयडी, म्हणजे बाहेरून बिनचिठ्ठीचं आलेलं कुठल्या व्हीलॅनमध्ये टाकायचं. मी १ ते ८ पोर्टं १० मध्ये घातली, पीव्हीआयडी मात्र मुळातला १ च राहिला. पोर्टाचा दिवा हिरवा, केबल टेस्टरवर ठीक, आणि अण्णांच्या कॉम्प्युटरला आयपी १६९.२५४ चा, म्हणजे राउटरकडून पत्ता मिळालाच नाही! पत्ता मागणारी त्याची हाक व्हीलॅन १ मध्ये जात होती, राउटर ऐकत होता १० मध्ये. पीव्हीआयडी १० केला, केबल काढून परत लावली, लगेच १९२.१६८.१०.२३.

पोर्ट २३ मी व्हीलॅन १ मध्येच ठेवलं आणि लॅपटॉप तिथेच लावून काम केलं. या स्विचचं स्वतःचं पान तिथूनच उघडतं. सगळी पोर्टं १ मधून काढली असती तर रीसेट मारून पहिल्यापासून सुरुवात. आणि ॲप्लाय दाबलं म्हणजे सेव्ह झालं असं धरू नका. बऱ्याच स्विचवर सेव्ह वेगळं करावं लागतं, नाहीतर लाइट गेली की सगळं पुसलं.

शेवटी तोच जुना राउटर मुद्दाम शेडच्या पोर्टाला परत जोडला. अण्णांनी बिल काढलं, निघालं. सोळाही कॅमेरे चालू. फक्त शेडमधलं वायफाय बिघडलं. तिथे डीएचसीपी स्नूपिंग, म्हणजे भलत्या राउटरला आयपी वाटू न देणारं स्विचचं सेटिंग, चालू करायचंय, सोमवारी परत जातेय.