पोरांच्या कविता छापा, आणि त्यांच्याच शब्दांत छापा

आमच्या जळगाव जिल्ह्यात मराठी शिकवणाऱ्या माणसाला एक गोष्ट तरी पोरांना सांगायलाच हवी, की १९०७ साली इथेच जळगावला कविसंमेलन भरलं होतं आणि त्यात धरणगावचा सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा कविता म्हणायला उभा राहिला. त्र्यंबक बापूजी ठोमरे. त्याच संमेलनात त्याला बालकवी म्हणून गौरवलं गेलं आणि ते नाव कायमचं चिकटलं. हे सांगितलं की नववी-दहावीची पोरं एकदम सरळ बसतात, कारण तो मुलगा त्यांच्याच वयाचा होता आणि समोर बसलेल्या मोठमोठ्या लोकांनी त्याचं ऐकून घेतलं होतं.

मला यातलं ऐकून घेणंच जास्त महत्त्वाचं वाटतं. पोरं लिहीत नाहीत असं आपण म्हणतो, पण लिहिलेलं वाचणार कोण हे त्यांना माहीतच नसतं! वहीत लिहिलं, सरांनी लाल पेनाने बरोबरची खूण केली, वही कपाटात गेली, संपलं. तेच जर भित्तिपत्रकावर लागणार असेल, नावासकट, वर्गासकट, आणि मधल्या सुट्टीत सातवीची पोरं समोर उभी राहून मोठ्याने वाचणार असतील, तर तोच मुलगा एक ओळ चार-चार वेळा खोडून लिहितो. हे मी दरवर्षी बघतो.

विषय देताना मात्र 'पाऊस', 'आई', 'माझा देश' असे देऊ नका, प्लीज. त्यावर पोरं पाठ्यपुस्तकातलंच परत लिहितात, मोर नाचतो, ढग गरजतो, ज्याने मोर फक्त चित्रात पाहिलाय तोसुद्धा तेच लिहितो. मी विचारतो, कपाशी वेचताना बोटांना काय होतं? केळीचा घड डोक्यावर असताना मान कशी धरतात? दिवाळीच्या आसपास आमच्याकडची निम्मी पोरं वेचणीला वावरात असतात, त्यांना बोंडाच्या टोकाने खरचटलेली बोटं माहीत असतात, ते कुठल्या पुस्तकात बघावं लागत नाही. एकीने लिहिलं होतं की 'मन्ही माय' पांढरा कापूस वेचते आणि तिचे हात काळे होतात. आता इथे 'मन्ही माय' खोडून 'माझी आई' करायचा मोह होतो बऱ्याच जणांना. करू नका हो! आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, ती गाणी ऐकून उतरवून घेतली, पण बोली बदलली नाही, म्हणून १९५२ साली पुस्तक आलं तेव्हा लोकांना ती घरातल्या बाईच्या तोंडची गाणी वाटली. ऱ्हस्व-दीर्घ नीट करा, ते आपलं कामच आहे, पण शब्द पोराचेच राहू द्या.

यमकाचा आग्रह पहिल्या महिन्यात नको, नाहीतर 'फूल' आलं की 'मूल' येतंच. नंतर अष्टाक्षरी द्या, आठ-आठ अक्षरं बोटांवर मोजायला पोरांना जाम मजा येते, गणितात ढ म्हणून बाजूला बसवलेली पोरंसुद्धा बरोबर मोजतात. घरी आजी असेल तर तिच्याकडून जात्यावरची एक ओवी ऐकून आणायची आणि तिच्या खाली स्वतःची एक जोडायची, हाही गृहपाठ मस्त चालतो.

मोबाईलवरून उतरवून आणलेली कविता लगेच कळते. ओरडून काही होत नाही, पोरगं पुन्हा लिहीतच नाही. मी फक्त म्हणतो, छान आहे, आता तुझ्या गल्लीतलं एक इथेच बसून लिही, आणि शेजारी बसतो.

छापायला फार पैसा लागत नाही. हस्तलिखिताची परंपरा आपल्याकडे जुनी आहे, साने गुरुजींनी अमळनेरला वसतिगृहातल्या मुलांसाठी हाताने लिहिलेलं दैनिक चालवलं होतं. ए-फोर कागद आडवा धरून मधोमध दुमडला की चार पानं होतात, असे चार कागद पाठपोट झेरॉक्स करून मध्ये दोन पिना मारल्या की सोळा पानांची पुस्तिका तयार, चित्रं पोरांनीच काढायची. चांगल्या निवडक कविता बालभारतीच्या 'किशोर'ला पाठवा, १९७१ पासून चालू आहे ते मासिक, आणि जुने अंक ऑनलाइन फुकट वाचायला मिळतात.

पण पैसे घेऊन 'प्रातिनिधिक संग्रहात' कविता छापणारे आणि वर सर्टिफिकेट देणारे जे मेसेज ग्रुपवर फिरतात ना, त्यांच्या नादी पालकांना लागू देऊ नका. तो संग्रह ज्यांनी पैसे भरले तेच विकत घेतात, दुसरं कुणी वाचत नाही.

आणखी एक, जे फार कमी शाळांत पाळलं जातं. कविता पोराची असते, शाळेची नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानेसुद्धा लिहिणाराच तिचा पहिला मालक, मग तो सहावीतला का असेना. म्हणून छापण्याआधी त्याला विचारायचं, पालकांनाही विचारायचं. कधीकधी घरातलं भांडण, बापाचं पिणं, कर्ज असं सगळं खरं खरं उतरतं कागदावर, आणि ती कविता वर्गातली सगळ्यात चांगली असते, तरी पोरगं नको म्हणालं तर नाही छापायची. नाव न घालता छापू असंही करू नका, गावात कविता कुणाची ते दोन मिनिटांत ओळखतात. ती त्याच्या वहीत राहू दे, आपण वाचली हे त्याला सांगा, त्यातली कुठली ओळ आवडली तेही सांगा.

२७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन असतो, तेव्हा बाहेरचा पाहुणा बोलावून भाषण ठेवण्यापेक्षा तो तास पोरांना द्या. गावच्या वाचनालयात किंवा ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये, पालक समोर, पुस्तिका प्रत्येकाच्या हातात, आणि पोरांनी आपापली कविता वाचायची. त्यासाठी दिवाळीची सुट्टी संपली की लगेच लिहायला बसवावं लागतं, कारण जानेवारीत स्नेहसंमेलन आणि मग दहावीची प्रॅक्टिकलं, नंतर कुणाला वेळ नसतो.